नाईलकाठचे पक्षी आणि कुंदाताई

कुंदाताई रेग्यांची आणि माझी ओळख न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये झाली आणि पहिल्याच मिनिटाला त्यांनी मला खोटं पाडलं. मी नागपूरला आईशी फोनवर बोलत होते. "अगं, इथेपण कावळे आहेत, माझ्या गाडीवरच बसलाय एक," एवढंच म्हणाले होते. शेजारच्या गाडीतून एक उंच, शिडशिडीत, पांढऱ्या बॉबकटची बाई उतरली. माझ्या बॉनेटकडे बघून ती म्हणाली, "कावळा नाही तो. ग्रॅकल आहे. सांगा आईला." मी नुसतीच हसले. त्या हसल्या नाहीत. माझा फोन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सांगितलं नाहीत तुम्ही."

मी सवयीने 'सॉरी काकू' म्हणाले. "मी कुणाच्या काकाची बायको नाही. कुंदाताई म्हण," असं म्हणून त्यांनी मला त्याच वाक्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं.

वेस्ट विंडसरच्या आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत त्या आमच्यापासून तिसऱ्या दारी राहतात, हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर घर दुसरीकडे बघितलं असतं, असं समीर, माझा नवरा, अजूनही म्हणतो. कुंदाताई तेव्हा एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात होत्या. गोळ्यांच्या बॅचेस तपासायच्या आणि शंका आली की नाकारायच्या, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर नाकारायला गोळ्या उरल्या नाहीत, तेव्हा त्या पक्ष्यांकडे वळल्या. म्हणजे पक्षी आधीपासून होतेच. फक्त आता त्यांना दिवसभर वेळ मिळू लागला.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. यजमान अरुणराव पुलांचे इंजिनिअर. माझी ओळख व्हायच्या आधीच ते गेले होते. नव्वदच्या दशकात अरुणरावांना युगांडात काम मिळालं आणि तीन वर्षं ही दोघं, लहानग्या निखिलला घेऊन, मर्चिसन फॉल्स नावाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीजवळ राहिली. नाईल नदी तिथे एका अरुंद फटीतून खाली कोसळते आणि मग दमल्यासारखी पसरत जाऊन मोठ्या सरोवराला मिळते. एका बाजूला गवताळ माळ, दुसऱ्या बाजूला दाट जंगल, मध्ये नदी, आणि मुखाशी पपायरसच्या उंच लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ. "एका पार्कात चार मुलुख आहेत," कुंदाताई सांगत, "म्हणून पक्षीपण चार मुलुखांचे." लोक तिथे सिंह आणि हत्ती बघायला जातात. कुंदाताईंनी तीन वर्षांत सिंह चारदा पाहिला आणि चारही वेळा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तो मध्ये आला.

तिथल्या पक्ष्यांना त्यांनी मराठी नावं ठेवली होती. शूबिल हा माणसाच्या कमरेच्या वर येणारा करडा पक्षी. त्याची चोच लाकडी खडावेसारखी, म्हणून तो 'खडावतोंड्या'. लांब पायांवर हात मागे बांधल्यासारखा माळावर फिरणारा सेक्रेटरी बर्ड म्हणजे 'हेडक्लार्क'. नदीच्या कड्यात शेकडो बिळं करून राहणारे लालगळे वेडे राघू म्हणजे 'चाळकरी'. ही नावं आपल्याला गोड वाटतात. पण एकदा ऐकल्यावर ती पाठ असावीत अशी त्यांची अपेक्षा असे. सहा महिन्यांनी त्या मध्येच विचारत, "हेडक्लार्क काय खातो?" आणि मी वरणाला फोडणी घालता घालता म्हणे, "साप."

जगभरचे पक्षीनिरीक्षक एका वेबसाइटवर आपापल्या नोंदी टाकतात. कुठल्याही भागातून कोणी अनपेक्षित पक्षी कळवला की ती नोंद त्या भागाच्या तपासनिसाकडे जाते. तपासनीस स्वयंसेवक असतो. मर्चिसन फॉल्सच्या तपासनीस होत्या कुंदाताई. न्यू जर्सीतल्या आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी, बाजूला चहाचा कप ठेवून, आफ्रिकेत कोणाला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्या ठरवत. जुन्या चौदा वह्या हाताशी असत. फ्रिजवर पार्कचा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यामुळे फ्रिजचं दार उघडायला दोन हात लागत.

"दिसलं की वाटलं?" हा त्यांचा प्रश्न. तो फक्त पक्ष्यांपुरता असता तर माझी तक्रार नव्हती. समीर म्हणाला, रूट वनवर आज भयंकर ट्रॅफिक होता, की लगेच, "किती मिनिटं जास्त लागली?" मी म्हणाले, माझ्या मॅनेजरला मी आवडत नाही, की, "तो तसं म्हणाला?" आपण त्रासलेलं असावं आणि समोरच्याने पुरावा मागावा, यासारखं चिडवणारं काही नाही. समीर म्हणायचा, "यार, यांच्याकडे चहाला जाताना स्क्रीनशॉट घेऊन जायला लागणार."

आमच्या मराठी मंडळात त्यांना एकदाच भाषणाला बोलावलं. विषय 'आफ्रिकन सफारी', वेळ वीस मिनिटं, नंतर जेवण. हॉलमध्ये दीडशे माणसं, पुढे मुलं मांडी घालून बसलेली. कुंदाताईंनी पहिलीच स्लाइड लावली ती एका चिमणीएवढ्या तपकिरी पक्ष्याची. दुसरी स्लाइड तशाच पक्ष्याची. तिसरीही. "हे तिघं वेगळे आहेत," त्या म्हणाल्या, "आणि हे एकदा कळलं की हत्ती बघण्यात काही राम राहत नाही." मग त्या तीन वटवट्या पक्ष्यांचे आवाज, शेपट्या आणि घरटी यांवर त्या पाऊण तास बोलल्या. वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी वाचून बाजूला ठेवली. मागे मसालेभात गार होत होता. शेवटी अध्यक्षांनी विनोदाने विचारलं, "कुंदाताई, सिंह केव्हा येणार?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सिंह सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. काढा आणि बघा." त्यांना तिथे मी नेलं होतं, म्हणून पुढचे सहा महिने लोक मला ऐकवत होते.

त्यानंतर डॉक्टर प्रधानांचं प्रकरण झालं. प्रधान आमच्यातले डेंटिस्ट, सज्जन, हौशी. नाताळच्या सुट्टीत ते सहकुटुंब त्याच पार्कात जाऊन आले आणि मोठ्या उत्साहाने आपली यादी साइटवर चढवली. कोणाकडे तपासायला जाणार याची त्यांना कल्पना नव्हती. यादीतल्या अर्ध्या नोंदी उडाल्या. पुढच्याच शनिवारी आमच्याकडे जेवायला दोघं समोरासमोर आली. हे मला आधी कळलं असतं तर मी ताप आणला असता.

"कुंदाताई, शूबिल मी स्वतः बघितलेत. तीन," प्रधान म्हणाले.

"तिन्ही एका फोटोत आहेत?"

"नाही. एक सकाळी, एक दुपारी, एक परत येताना."

"एकाच वाळूच्या दांड्याजवळ?"

"हो."

"मग एक तीनदा बघितलात."

प्रधानबाईंनी ताट बाजूला सारलं. ती दोघं त्यानंतर आमच्याकडे आली नाहीत. माझे दातही तेव्हापासून मी प्लेन्सबरोला दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. मी कुंदाताईंना म्हणाले की एखाद्या माणसाचा आनंद तुम्ही एवढ्यासाठी कशाला घालवता. त्यांना प्रश्नच समजला नाही. "आनंद त्याचा त्याने ठेवावा की. आकडा माझ्याकडे का पाठवतो?"

अपियोबद्दल मात्र त्या वेगळ्या बोलत. अपियो त्या पार्कात बोटीवर गाइड होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिच्या नोंदी नेटक्या असत: वेळ, जागा, वारा, पाण्याची पातळी. "कान चांगला आहे पोरीचा," असं कुंदाताई म्हणत, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी कोणाला मिळालेली ऐकली नाही. दोघींची भेट कधी झालेली नव्हती. पण पाच वर्षं ईमेलवर त्यांचं इंग्रजीतून चालू होतं, 'मॅडम' आणि 'डिअर अपियो' असं.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, अपियोने इजिप्शियन प्लोव्हरची नोंद पाठवली. काळी टोपी, राखी-निळी पाठ, केशरी पोट असा हा वाळूवर धावणारा छोटा, देखणा पक्षी. त्या पार्कात तो फार म्हणजे फारच क्वचित येतो. मगरीच्या जबड्यात शिरून तिचे दात साफ करतो अशी त्याच्याबद्दल फार जुनी गोष्ट आहे आणि टूरिस्टांना ती आवडते. त्यामुळे साधी टिटवी दाखवून "तो बघा मगरीचा पक्षी" असं सांगणारे बोटवाले कुंदाताईंनी तीन वर्षं ऐकले होते. त्यांनी दोन ओळींत उत्तर पाठवलं: नोंद अमान्य. बहुधा काटेपंखी टिटवी.

अपियोने फोनवर घेतलेला अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. तो आला त्या दिवशी मी त्यांचा प्रिंटर दुरुस्त करायला तिथेच होते. व्हिडिओ बोटीतून घेतलेला, हलणारा, लांबचा. वाळूचा पट्टा, त्यावर एक ठिपका धावतो, थांबतो, उडतो. कुंदाताई स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"टिटवीच आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागून बघत होते. "पण कुंदाताई, पोट केशरी आहे ना?"

"ऊन आहे ते."

"वाळूवर पण तेच ऊन आहे. वाळू पांढरी दिसतेय."

"तू किती टिटव्या पाहिल्यास आयुष्यात?"

मी प्रिंटरकडे वळले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर डेव्हलपर लोकांना त्यांची चूक दाखवते आणि ते मला दिवसभर "प्रॉब्लेम युअर मशीनचा आहे" असं उत्तर देतात. घरी येऊन तेच करायची माझी इच्छा नव्हती. त्यांनी पुन्हा 'अमान्य' लिहिलं.

अपियोचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कुंदाताईंनी ते मला मुद्दाम दाखवलं, मुलगी कशी उद्धट झाली आहे ते कळावं म्हणून. तिने लिहिलं होतं, "मॅडम, टिटवी मी रोज बघते. माझ्या आईलाही रोज बघते. मी दोघींना ओळखते."

मला हसू आलं. ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं असं मला वाटलं. आता वाटतं, खरंच दिसलं नसावं.

दोन-तीन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "जरा ये." गेले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या. "ही ईमेल वाचून दाखव. चष्मा वर राहिलाय." चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता. स्क्रीनवरची अक्षरं बोटाएवढी मोठी केलेली होती. ती मोठी अक्षरं मी गेले कित्येक महिने बघत होते आणि म्हाताऱ्या माणसांची आवड म्हणून सोडून देत होते. टेस्टर म्हणवून घेते मी स्वतःला.

पत्र अपियोचं होतं.

"मॅडम, मी वाद घालायला लिहीत नाही. एका पाहुण्याने साइट बघून आमच्या मालकांना विचारलं, तुमची गाइड खोट्या नोंदी करते का? आता मला पक्ष्यांच्या बोटीवरून काढलं आहे. मी काउंटरवर लाइफ जॅकेट वाटते. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, त्या वाळूच्या दांड्यावर मी गेले ते साइटवरची तुमची जुनी टिपणं वाचून. पाणी उतरल्यावर तिथे लक्ष ठेवावं, असं तुम्हीच लिहिलं होतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी आणखी तीनदा गेले. तो तिथेच होता. माझ्याकडे चांगला कॅमेरा नाही. एवढंच."

मी वाचायची थांबले. कुंदाताई खिडकीकडे बघत होत्या. म्हणजे त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

"चष्मा गळ्यात आहे तुमच्या," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"काय झालंय?"

त्या टेबलावरचा टिपॉट सरळ करत राहिल्या. मग एखाद्या नोंदीबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. उजव्यात मोठा. कडेचं सगळं दिसतं. ही खुर्ची, तो फ्रिज, तुझी कोपरं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेवढं दिसत नाही."

"कधीपासून?"

"डॉक्टरनी सांगितलं त्याला आठ महिने झाले."

मला त्यांची दया यायला हवी होती. पण मला संताप आला. "आठ महिने? आणि तुम्ही रोज लोकांच्या नोंदी उडवताय? डॉक्टर प्रधानांना माझ्या घरात, माझ्या टेबलावर..."

"प्रधानांचा शूबिल एकच होता."

"कुंदाताई."

"हो," त्या म्हणाल्या. मग, "हे सोडलं असतं तर सकाळी उठून मी केलं काय असतं, वैशाली?"

मी चहा टाकला. साखरेचा डबा शोधताना फ्रिजवरचा तो नकाशा खाली पडला आणि मी तो परत चिकटवला.

चहा झाल्यावर त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि स्वतः पाठ करून बसल्या. "व्हिडिओ लाव. एकेक चित्र थांबवत जा. मी विचारते, तू सांगायचं. पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही. आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"बरं."

"पाठ कुठल्या रंगाची?"

"राखी."

"राखी की तपकिरी? मातीचा रंग की पाटीचा?"

"पाटीचा. पेन्सिल पुसलेल्या पाटीचा."

"डोळ्यावर काही आहे?"

"पांढरी रेघ. लांब. मानेपर्यंत जातेय."

"गालाला पांढरं आहे का?"

"नाही. गाल काळा."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पोट?"

"मी आधीच सांगितलंय."

"परत सांग."

"केशरी. छातीवर एक काळा पट्टा आणि त्याच्याखाली केशरी."

"उडतानाचं चित्र लाव. पंख?"

"पांढरे. मधून काळा पट्टा जातो, आडवा. चितारल्यासारखा."

असं दीड तास चाललं. एकेक गोष्ट तीनदा विचारली. मध्ये समीरचा फोन आला, बाहेर जायचं होतं त्याचं काय, म्हणून. मी कॅन्सल केलं. माझा आवाज चढू लागला होता, कारण उत्तर माझ्यासमोर स्क्रीनवर ढळढळीत दिसत होतं आणि ही बाई मला मागच्या नखाबद्दल विचारत होती. शेवटी त्या वळल्या.

"टिटवीचं पोट काळं असतं," त्या म्हणाल्या. "पाठ तपकिरी, गाल पांढरा. एकही गोष्ट जुळत नाही."

त्यांचा चेहरा मी त्याआधी किंवा त्यानंतर तसा पाहिला नाही. एवढा देखणा पक्षी अकरा सेकंद त्यांच्यासमोर होता आणि त्यांना तो दिसला नव्हता. अपियोचं काय झालं ते तर होतंच. पण मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा लागलं ते हे.

माफीचं पत्र त्यांनी मला सांगून लिहवलं. मी माझ्या मनाने एक वाक्य घातलं, की आजारपणामुळे माझी दृष्टी कमी झाली होती, त्यामुळे ही चूक झाली. त्यांनी परत वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "काढ ते."

"खरं आहे ना पण."

"डोळे गेले ही चूक नाही. चूक ही, की मला माहीत होतं. तेवढंच लिही."

तसं लिहिलं. पत्र अपियोला गेलं, तिच्या मालकांना गेलं, आणि साइटवर, सगळ्यांना दिसेल असं, त्यांच्या नावानिशी लागलं. इथपर्यंत मला त्यांचा अभिमान वाटत होता. मग त्यांनी सांगितलं की गेल्या आठ महिन्यांत नाकारलेली प्रत्येक नोंद आता अशीच परत तपासायची.

मार्च, एप्रिल आणि मेचे सगळे रविवार त्यात गेले. मी फोटोंचं वर्णन करायची, त्या पाठ करून ऐकायच्या. माझ्या मैत्रिणी ब्रंचला जात होत्या आणि मी एका बगळ्याच्या गुडघ्याचा रंग सांगत होते. एखाद्या ठिकाणी मी 'बहुतेक' म्हणाले की त्या सगळं पहिल्यापासून सुरू करत. मी दोनदा रागावून घरी निघून आले आणि दोन्ही वेळा पुढच्या रविवारी परत गेले. आणखी नऊ नोंदी त्यांनी चुकीच्या नाकारल्या होत्या. नऊ जणांना नऊ पत्रं गेली. त्याखेरीज डॉक्टर प्रधानांची यादी दोनदा तपासली आणि त्यांचे दोन पक्षी परत मिळाले. ते कळवायला कुंदाताई स्वतः त्यांच्या दवाखान्यात गेल्या. शूबिल मात्र एकच राहिला, हेही त्यांना सांगून आल्या.

अपियो परत पक्ष्यांच्या बोटीवर गेली. तिने लिहिलं, "मॅडम, तुमचं पत्र मालकांनी काउंटरच्या वर लावलं आहे. मला ते आवडत नाही, पण ते काढत नाहीत. तुम्ही इकडे या."

कुंदाताईंनी तपासनिसाचं काम सोडलं आणि आपल्या जागी अपियोचं नाव सुचवलं. शिफारशीचं पत्र साडेतीन पानी होतं आणि त्यात तिचे चार दोषही लिहिलेले होते. मग त्यांनी तिकीट काढलं.

निखिल डॅलसजवळ अर्विंगला असतो, आयटीत. त्याचा मला फोन आला. "वैशाली, तू सांग ना तिला. She can't see, यार. तिकडे जाऊन ती करणार काय? मी म्हटलं, माझ्याकडे ये, आरामात राहा, तर म्हणते डॅलसला ग्रॅकलच ग्रॅकल आहेत." मी त्याची बाजू घ्यायला गेले. खरंच गेले. सत्तरीची बाई, नजर अशी, नदीत मगरी. मी सगळं नीट मुद्देसूद मांडलं. कुंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कडेचं दिसतं मला," त्या म्हणाल्या. "त्या पार्कात कडेलाही पुष्कळ आहे."

नेवार्क विमानतळावर मीच सोडलं. गाडीत त्यांनी मला वह्यांबद्दल सूचना दिल्या, कुठली वही कुठल्या क्रमाने, ओल कशी लागू द्यायची नाही. तीन आठवड्यांसाठी गेल्या होत्या. तीन महिने राहिल्या. तिथून परस्पर वेंगुर्ल्याला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच राहायचं ठरवलं. घर निखिलने विकलं. चौदा वह्या अपियोला पाठवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पार्सलच्या फॉर्मवर 'वस्तूचं वर्णन' या रकान्यात काय लिहावं यावरून पोस्टातल्या बाईशी माझा वाद झाला. नुसतं 'वह्या' लिहिलं तर तिचं समाधान होईना आणि खरं काय ते लिहिलं तर मावेना. फोनवर आम्ही अजून बोलतो. मी काही सांगितलं की पलीकडून प्रश्न येतात आणि मी फोन ठेवताना दरवेळी ठरवते की पुढच्या महिन्यात करायचा नाही.

पण पाहिलं म्हणाल तर शेवटचं पाहिलं ते त्या युगांडात असताना. सकाळचे आठ वाजले होते, मी स्टेशनवर गाडीची वाट बघत होते, आणि त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. स्क्रीनभर एक हनुवटी, नारिंगी लाइफ जॅकेटचं बक्कल, मग कपाळ.

"वैशाली, दिसतंय का?"

"कपाळ दिसतंय."

"थांब, नदी दाखवते." आणि मला बोटीचं छत दिसलं. मग पाणी तिरकं, मग एका तरुण मुलीचा हसरा चेहरा, ती अपियो असणार. तिने मला हात केला. तेवढ्यात ती काहीतरी म्हणाली आणि कुंदाताईंनी फोन बाकावर ठेवला, उताणा, चालूच. पुढचं सगळं मला फक्त ऐकू आलं. इंजिन बंद झालं. दोघी इंग्रजीत बोलत होत्या. लव्हाळ्यात कोणीतरी होतं. अपियो म्हणत होती एक, कुंदाताई म्हणत होत्या दुसरंच, आणि आवाज हळूहळू चढत होते. अपियोच्या सुरात मला तो त्रासिकपणा ऐकू आला, जो मी माझ्या स्वतःच्या गळ्यात आठ-नऊ वर्षं वागवला होता. इतक्या लांबून तो ऐकून मला भलतंच बरं वाटलं.

माझी गाडी आली. मी चढले नाही. फोनमध्ये छताची एक कड होती आणि बाकी सगळं आभाळ. मग त्या आभाळातून एक मोठं काहीतरी सावकाश उडत गेलं, आणि तिकडे दोघी एकदम गप्प झाल्या. पाणी फळीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"ते उतरलं कुठे?" कुंदाताईंनी विचारलं.

"पलीकडच्या दांड्यावर, मॅडम. तुमच्या डाव्या हाताला. मला नीट दिसतंय."

"मग घाई करू नकोस," कुंदाताई म्हणाल्या. "आधी पायांचा रंग सांग."